घरचे दप्तर क्लाउडवर ठेवताना : सेवा कशी पारखावी?



शेतकऱ्याच्या घरात दोन गोष्टी जिवापाड जपाव्या लागतात. एक बेणे आणि दुसरे दप्तर. बेणे बिघडले तर एक हंगाम जातो. दप्तर गेले तर बांधाचा वाद कोर्टात जातो आणि नातवापर्यंत चालतो. वाटणीपत्र, फेरफार, सातबारा, आठ-अ, विहिरीची व वीजजोडणीची कागदे, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, कारखान्याचा शेअर दाखला, उसाच्या नोंदीची पोच, वजनाच्या पावत्या आणि बिलाच्या स्लिपा हे सगळे मिळून आपले दप्तर होते.

पूर्वी हे दप्तर पत्र्याच्या ट्रंकेत असे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या घरांत पुराचे पाणी शिरले, तेव्हा ट्रंकेतल्या कागदांचे काय होते हे नदीकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको. शिवाय हल्ली बऱ्याच पावत्या उष्णतेने उमटणाऱ्या गुळगुळीत कागदावर मिळतात. त्यांवरची अक्षरे काही महिन्यांत आपोआप पुसट होतात. म्हणून आता बहुतेक जण कागदाचा मोबाइलवर फोटो काढतात आणि निश्चिंत होतात. पण मोबाइल पाटात पडतो, चोरीला जातो, बिघडतो. मग घरातला शिकलेला मुलगा म्हणतो, "दादा, क्लाउडवर टाकू सगळं. मग काळजीच नाही."

मुलाचे म्हणणे निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे समजावे, यासाठी हा लेख आहे. येथे कोणत्याही कंपनीची शिफारस करावयाची नाही. सेवा कोणतीही असो, ती घेण्याआधी आपण काय तपासावे एवढेच सांगावयाचे आहे.

क्लाउड म्हणजे काय?

क्लाउड या इंग्रजी शब्दाचा अर्थ ढग. नाव ऐकून वाटते, की आपला कागद कुठे तरी आभाळात तरंगतो आहे. तसे काही नाही. एखाद्या कंपनीच्या मोठ्या इमारतीत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात. आपला फोटो इंटरनेटवरून तिकडे जातो आणि तिथल्या संगणकात साठवला जातो. म्हणजे ही दुसऱ्याची वखारच म्हणा. आपण माल ठेवायचा, पासवर्ड ही किल्ली जवळ बाळगायची आणि लागेल तेव्हा माल मागायचा. गुगल ड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टचे वनड्राइव्ह, अ‍ॅपलचे आयक्लाउड, ड्रॉपबॉक्स ही या वखारींची नावे आहेत. ड्रॉपबॉक्स २००८ मध्ये लोकांसाठी खुले झाले, आयक्लाउड २०११ मध्ये आणि गुगल ड्राइव्ह २०१२ मध्ये.

साठवण वेगळी, सिंक वेगळे

या सेवा दोन कामे करतात आणि दोन्हींची गल्लत झाली की नुकसान होते. पहिले काम साठवणीचे. दुसरे काम 'सिंक' करण्याचे, म्हणजे सगळीकडची प्रत सारखी ठेवण्याचे. वडिलांचा फोन, पुण्यातल्या मुलाचा लॅपटॉप आणि कंपनीची वखार या तिन्ही ठिकाणी एकच वही आहे असे समजा. वडिलांनी एका ठिकाणी ओळ लिहिली की ती तिन्हीकडे उमटते. सोय मोठी आहे. गावात पावती मिळाली, की पाच मिनिटांत पुण्यात दिसते.

पण एकाने पान फाडले, तर तेही तिन्हीकडे फाटते. फोनची जागा भरली म्हणून नातवाने शंभर फोटो उडवले, तर सिंक करणारी सेवा तेवढ्याच इमानाने ते बाकीच्या दोन ठिकाणांहूनही उडवते. यात तिचा दोष नाही. सगळीकडे सारखे ठेवणे हेच तिचे काम. ऊस उत्पादकाला हे लगेच पटेल. काणी लागलेल्या उसाचे बेणे चार शेतांत नेले, तर चार शेते झाली म्हणून आपण सुरक्षित झालो असे होत नाही. रोगच चार ठिकाणी गेला. म्हणून तर बेणे मळा वेगळा राखायचा असतो.

गुगल फोटोजचे उदाहरण घ्या. फोन खात्याशी जोडलेला असताना त्या अ‍ॅपमधून फोटो डिलीट केला, तर तो फोनमधूनही जातो आणि खात्यातूनही. फोनमधली जागा मोकळी करण्यासाठी 'फ्री अप स्पेस' हा वेगळा पर्याय आहे. त्याने फोनमधली प्रत जाते आणि खात्यातली राहते. पडद्यावर दोन्ही पर्याय बोटभर अंतरावर असतात, परिणाम मात्र अगदी उलट. हा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत असला पाहिजे.

तेव्हा पहिली गोष्ट मनात पक्की धरावी : सिंक म्हणजे राखीव प्रत नव्हे. सेवा जागा किती देते यापेक्षा गेलेले परत कसे देते, यावरून तिची पारख करावी.

काय काय तपासावे?

१. जागा आणि तिचा हिशेब. जाहिरातीत जागेचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरात असतो. गुगल २०१३ पासून १५ जी.बी. जागा फुकट देत आले आहे. पण ती ई-मेल, फोटो आणि ड्राइव्ह या तिघांत मिळून आहे. वनड्राइव्ह व आयक्लाउड ५ जी.बी. आणि ड्रॉपबॉक्स २ जी.बी. देते. कंपन्या हे आकडे बदलतात, म्हणून खाते काढताना पुन्हा पाहावे. आता आपला हिशेब करू. मोबाइलवर काढलेला एक फोटो साधारण ४ एम.बी.चा धरला, तर १ जी.बी.मध्ये अडीचशे फोटो बसतात. घरच्या दप्तराची दोनशे पाने धरली तरी ती १ जी.बी.च्या आतच राहतात. म्हणजे दप्तरासाठी पैसे भरून जागा घेण्याची गरज सहसा पडत नाही. जागा खातात ते लग्नाचे व्हिडिओ आणि सकाळच्या शुभेच्छांचे फोटो. दप्तराचे खाते वेगळे ठेवले, तर हा प्रश्नच येत नाही. खाते गच्च भरले, तर गुगलवर नवे ई-मेल येणेही थांबते, हे लक्षात ठेवावे.

२. गेलेले परत मिळण्याची मुदत. डिलीट केलेली फाइल काही दिवस कचऱ्याच्या टोपलीत पडून असते. गुगल ड्राइव्हमध्ये ही मुदत ३० दिवस आहे. ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्यातही ३० दिवस. गुगल फोटोजमध्ये खात्यावर चढलेल्या फोटोंना ६० दिवस मिळतात. आता विचार करा. वजनाची पावती आपण जानेवारीत ठेवतो आणि तिची गरज लागते दिवाळीत. मधे कुणी ती उडवली असेल, तर मुदत कधीच संपलेली असते. म्हणून महिन्यातून एकदा टोपली उघडून पाहण्याची सवय लावावी.

३. जुनी आवृत्ती. हिशेबाच्या तक्त्यात कुणी चुकीचा आकडा घातला आणि जतन केला, तर कालचा तक्ता परत मिळतो का? चांगल्या सेवा जुन्या आवृत्त्या काही दिवस राखतात. दोन भावांनी रेंज नसताना एकाच तक्त्यात वेगवेगळे आकडे भरले तर काय होते, हेही पाहावे. ड्रॉपबॉक्स अशा वेळी दोन्ही प्रती ठेवते आणि एकीच्या नावापुढे तशी नोंद करते. कोणाचाच आकडा न हरवता दोन्ही समोर येणे, ही चांगल्या सेवेची खूण आहे.

४. फाइल खरोखर आपल्या संगणकावर आहे का? लॅपटॉपवर फाइलचे नाव दिसते, म्हणून ती तिथे आहेच असे नाही. जागा वाचावी म्हणून पुष्कळ सेवा नुसते नाव दाखवतात आणि उघडायला गेले, की वखारीतून माल आणतात. विंडोजवर वनड्राइव्हच्या फाइलजवळ ढगाचे चित्र दिसले, तर ती फाइल फक्त तिकडेच आहे असे समजावे. इंटरनेट नसले तर ती उघडत नाही. तहसीलमध्ये ऐन वेळी रेंज गेली तर पंचाईत. महत्त्वाच्या फाइलींना 'नेहमी या उपकरणावर ठेवा' असा पर्याय लावून घ्यावा.

५. किल्ली कोणाकडे? बहुतेक सेवांत माल कुलपात असतो. पण त्या कुलपाची एक किल्ली कंपनीकडेही असते. त्यामुळे पासवर्ड विसरला, तरी ओळख पटवून खाते परत मिळू शकते. काही सेवांत किल्ली फक्त आपल्याकडे असते. तिथे कंपनीसुद्धा आपला कागद वाचू शकत नाही. पण किल्ली हरवली तर कंपनीही काही करू शकत नाही. अ‍ॅपलने डिसेंबर २०२२ मध्ये असा पर्याय ऐच्छिक म्हणून आणला. गुप्तता जितकी जास्त तितकी आपली जबाबदारी जास्त, असा हा सौदा आहे. ज्या घरात पासवर्ड चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी हरवते, त्यांनी नीट विचार करूनच तो घ्यावा. खात्याला दुहेरी तपासणी मात्र प्रत्येकाने लावावी, म्हणजे पासवर्ड चोरीला गेला तरी फोनवर आलेल्या संमतीशिवाय खाते उघडत नाही. फोनवर आलेला ओ.टी.पी. कुणालाही सांगू नये. "कारखान्यातून बोलतोय, बँकेतून बोलतोय," असे म्हणणाऱ्यालाही नाही.

६. सेवा बंद पडली किंवा नियम बदलले तर? कॅनॉनिकल या कंपनीची 'उबुंटू वन' ही साठवण सेवा १ जून २०१४ ला बंद झाली. ग्राहकांना आपला माल उचलायला जुलैअखेरपर्यंतची मुदत होती. गुगल फोटोजवर एकेकाळी ठरावीक दर्जाचे फोटो कितीही ठेवता येत. ती सवलत १ जून २०२१ पासून गेली. दोन वर्षे न वापरलेली खासगी खाती काढून टाकण्याचा नियम गुगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केला. म्हणजे 'ठेवले आणि विसरलो' असे चालत नाही. सगळा माल एकदम बाहेर काढण्याची सोय आहे का, हे आत जाण्याआधीच पाहावे. गुगलमध्ये त्यासाठी 'टेकआउट' नावाची सोय आहे.

७. खातेदार गेला तर? हा प्रश्न बोलायला जड जातो, पण टाळू नये. खाते थोरल्या भावाच्या नावावर, पासवर्ड त्याच्या डोक्यात आणि त्यालाच काही झाले, तर दप्तर असूनही हाताला लागत नाही. गुगलमध्ये २०१३ पासून अशी सोय आहे, की खाते आपण ठरवलेल्या मुदतीत, म्हणजे ३ ते १८ महिने वापरले गेले नाही, तर आपण नेमलेल्या माणसाला कळवून त्याला फाइली देता येतात. अ‍ॅपलमध्येही २०२१ पासून असा वारस नेमता येतो. सोसायटीच्या खात्याला आपण वारस लावतो, तसाच या खात्यालाही लावावा.

आगीचे दोन दाखले

आता कुणी म्हणेल, "अहो, एवढ्या मोठ्या कंपन्या. त्यांचं काय बिघडणार?" त्यासाठी दूरदेशीचे दोन दाखले पाहू. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच या कंपनीच्या संगणक केंद्राला १० मार्च २०२१ रोजी आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली. ज्या ग्राहकांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती, त्यांतील अनेकांचा माल कायमचा गेला. दुसरा दाखला दक्षिण कोरियाचा. तिथल्या सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी कागदपत्रे ठेवण्याची क्लाउड सेवा चालवली होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन शहरातील सरकारी केंद्रात बॅटरीमुळे आग लागली आणि त्या सेवेतील ८५८ टेराबाइट माल नष्ट झाला. त्याची बाहेर राखीव प्रतच नव्हती. एक टेराबाइट म्हणजे साधारण हजार जी.बी., यावरून अंदाज यावा.

वखार सरकारची असो की कंपनीची, सगळे बेणे एकाच कोठारात ठेवू नये, एवढाच याचा बोध. मोठ्या कंपन्या एका कागदाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या जागी ठेवतात, हे खरे. पण आपल्याच घरातून गेलेला डिलीटचा हुकूम त्या सगळ्या प्रतींना लागू होतो, हेही तितकेच खरे.

आठ दिवसांची चाचणी

गळीत हंगामाआधी वजनकाटा प्रमाणित वजने ठेवून तपासतात. काटा कोणत्या कंपनीचा यावर कुणी भरवसा ठेवत नाही. ठेवलेले वजन बरोबर दिसते का हे पाहतात. क्लाउड सेवेची परीक्षाही अशीच करावी. तिला खर्च काही नाही. महत्त्वाचे कागद चढवण्याआधी दहा साध्या कागदांवर पुढीलप्रमाणे करून पाहावे :

(अ) दहा फोटो खात्यावर चढवावेत आणि दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर ते दहाच्या दहा उघडतात का ते पाहावे. नुसती नावे मोजू नयेत. प्रत्येक उघडून अक्षर वाचावे.

(आ) एक फोटो मुद्दाम डिलीट करावा. तो कुठून कुठून गेला ते पाहावे आणि टोपलीतून परत आणावा.

(इ) एका तक्त्यात आकडा बदलावा आणि दुसऱ्या दिवशी जुना आकडा परत मिळवून पाहावा.

(ई) रेंज बंद करून फाइल उघडते का ते पाहावे.

(उ) आपला फोन बाजूला ठेवून, जणू तो हरवला आहे असे धरून, दुसऱ्या फोनवरून खाते उघडून पाहावे. पुष्कळांची गाडी इथेच अडते. कारण तपासणीचा आकडा त्या हरवलेल्या फोनवरच येतो. त्यासाठी राखीव आकडे आधीच कागदावर काढून कपाटात ठेवता येतात. ते काढून ठेवावेत.

(ऊ) शेवटी दहाही कागद खात्यातून बाहेर काढून पेन ड्राइव्हवर घ्यावेत.

या सहाही गोष्टी घरातल्या घरात, कुणाला न विचारता जमल्या, तर ती सेवा आपल्या कामाची. एखादी जरी अडली, तरी ती सुटेपर्यंत दप्तर चढवू नये.

घरची व्यवस्था

संगणकातली जाणती माणसे 'तीन-दोन-एक' असा नियम सांगतात. प्रती तीन, साधने दोन प्रकारची आणि एक प्रत घराबाहेर. आपल्या घरात तो असा बसतो : मूळ कागद ट्रंकेत, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि उंच फळीवर. दुसरी प्रत क्लाउडवर, म्हणजे घराबाहेर. तिसरी प्रत पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर, आणि तिला सिंक जोडू नये. हाच आपला बेणे मळा. हंगाम संपल्यावर बिलाचा हिशेब आपण करतोच. त्याच दिवशी ही तिसरी प्रत नवी करावी आणि दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. पेन ड्राइव्हही बिघडतो, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

दप्तराचे दोन भागही करावेत. काही कागद पुन्हा मिळतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महसूल खात्याच्या महाभूमी संकेतस्थळावरून शुल्क भरून केव्हाही काढता येतो. १ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या सरकारी डिजिलॉकरमध्ये एखाद्या खात्याने थेट दिलेला कागद कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचा धरला जातो. आपण स्वतः तिथे चढवलेला फोटो मात्र फोटोच राहतो. दुसरे कागद एकदा गेले, की मिळणे कठीण : घरगुती वाटणीची जुनी यादी, पाण्याच्या पाळीचा आपसातला करार, रोख भरलेल्या हप्त्याची पावती, शेजाऱ्याच्या सहीची बांधाची कबुली. पहिली मेहनत या दुसऱ्या भागावर घ्यावी. आणि फोटो काढला म्हणून मूळ कागद फेकू नये. कोर्टात व कचेरीत मूळ कागदच मागतात. फोटो हा त्याचा आधार आहे, बदली नव्हे.

फाइलीला नावही नीट द्यावे. 'आयएमजी' आणि पुढे दहा आकडे, अशा नावाची फाइल दोन वर्षांनी कुणाला सापडत नाही. 'वजन पावती, गट नंबर, तारीख' असे नाव दिले, तर घरातले कुणीही शोधू शकते. आई किंवा सूनबाई यांनाही खाते उघडता आले पाहिजे. एकट्या मुलाला येते, एवढ्यावर थांबू नये.

काही हौशी तरुण घरीच छोटा संगणक ठेवून 'नेक्स्टक्लाउड'सारखी स्वतःची सेवा चालवतात, किंवा 'सिंकथिंग' वापरून कंपनीची वखार न घेता दोन संगणक परस्पर जोडतात. हे दोन्ही प्रोग्रॅम फुकट मिळतात आणि माल आपल्याच ताब्यात राहतो. पण विजेचे भारनियमन, दुरुस्ती, वेळोवेळी करावयाची सुधारणा हे सारे मग आपल्याच गळ्यात येते. शिवाय सिंकचा नियम तिथेही तोच : इकडे मिटले की तिकडे मिटते. घरात जाणकार असेल तरच या वाटेने जावे.

सारांश, क्लाउड सेवा घ्यायला हरकत नाही. पुराच्या काठावर राहणाऱ्याने तर ती जरूर घ्यावी. पण किती जी.बी. मिळाले हे विचारण्याआधी गेलेला कागद परत आणून पाहावा. तो परत आला, घरातल्या दुसऱ्या माणसालाही आणता आला आणि एक प्रत सिंकच्या बाहेर राहिली, की आपले दप्तर सुरक्षित झाले असे समजावे. येत्या हंगामाच्या पहिल्या वजन पावतीपासून सभासदांनी ही सवय लावून घ्यावी, आणि हा अंक घरातल्या मुला-मुलींच्या हाती जरूर द्यावा, ही विनंती.

— संगणक विभाग